केश्य तैलाचा हिशेब : सिंधुदुर्गातील रुग्णासाठी अल्पव्ययी केशचिकित्सा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बहुतेक चिकित्सालयांत केस गळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या वाढते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. रुग्णा येते ती बहुधा पिशवीत दोन-तीन बाटल्या घेऊनच. एक तेल दूरचित्रवाणीवरील जाहिरात पाहून घेतलेले, दुसरे औषधी दुकानदाराने सुचविलेले, तिसरे मुंबईहून गणपतीला आलेल्या नातलगांनी आणलेले. या सर्वांवर मिळून तिने हजार-बाराशे रुपये खर्च केलेले असतात आणि केस पूर्ववत गळतच असतात. अशा वेळी आपण चौथी बाटली लिहून द्यावी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

औषधी दुकानांचे मालकही हे त्रैमासिक वाचतात, याची आम्हांस जाणीव आहे. केशतेले आणि शाम्पू यांवर दुकानाचा बराचसा नफा अवलंबून असतो. तरीही पुढील विवेचन त्यांनी शांतपणे वाचावे, अशी विनंती आहे. कारण तीन बाटल्यांनंतर निराश झालेला ग्राहक चौथ्या वेळी आयुर्वेदाच्याच दुकानात येईल, याची शाश्वती नाही.

प्रथम निदान, नंतर तेल

केशचिकित्सेतील सर्वांत मोठी बचत तेलाच्या किमतीत नाही, ती निदानात आहे. केस आणि लोम हे अस्थिधातूचे मल होत, हा सिद्धान्त आपण प्रथम वर्षापासून पाठ केलेला असतो. परंतु रुग्णाची तपासणी करताना तो आठवतोच असे नाही. ज्या धातुपरंपरेच्या शेवटाकडे केस निर्माण होतात, तिच्या आरंभी रस आणि रक्त आहेत. तेथे क्षय असेल तर डोक्यावर कितीही मूल्यवान तेल ओतले तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यापूर्वीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे केस गळतात म्हणून आपल्यासमोर बसलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीला पांडुत्व असण्याचा संभव आहे. तिला पाळी अतिप्रमाणात जाते काय, श्रमाने धाप लागते काय, नखे आणि नेत्रवर्त्म पांढुरके आहेत काय, हे विचारण्यास व पाहण्यास एक पैसाही लागत नाही. हिमोग्लोबिनची तपासणी केशतेलाच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य शासनाने तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. पांडुत्व निश्चित झाल्यास पुनर्नवा मंडूर किंवा नवायस लोह यांसारखे स्वस्त कल्प, रक्तस्राव असेल तर त्याचे कारण शोधून त्याची चिकित्सा, आणि आहारात कुळीथ, नाचणी, अळीव, खाणाऱ्यांस सुकट-बांगडा, जेवणाबरोबर चहा वर्ज्य, एवढ्याने जे साधते ते कोणत्याही शिरोभ्यंगाने साधणार नाही. अत्यार्तवाची रुग्णा सहा महिने तेलच बदलत राहिली आणि हिमोग्लोबिन सातवर आल्यावर तिला रक्त चढवावे लागले, असे प्रसंग आपल्या व्यवसायात घडतात. तेथे नुकसान पैशांपुरते राहत नाही.

दुसरी गोष्ट ज्वराची. आपल्या जिल्ह्यात श्रावण-भाद्रपदात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांचे ज्वर असतात. तीव्र ज्वरानंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी केस एकाएकी गळू लागतात आणि बहुतांश रुग्णांत त्यापुढील सहा महिन्यांत काहीही न करता ते पुन्हा येतात. प्रसूतीनंतरही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हेच घडते. कार्तिकात आलेल्या रुग्णाला ‘गणपतीत ताप आला होता काय?’ एवढा एकच प्रश्न विचारला तर अनेकदा निदान होते. शरद ऋतूतील स्वाभाविक पित्तप्रकोप तर आहेच. परंतु प्रत्येक वेळी ऋतूवर भार टाकून ज्वराचा इतिहास सोडून देणे योग्य नव्हे. अशा रुग्णाला धीर द्यावा, अग्नी आणि बल सांभाळावे व साधे खोबरेल वापरू द्यावे. येथे महाग तेल देणाऱ्याला यश हमखास मिळते, कारण केस आपोआपच येणार असतात. बाजारातील कित्येक तेलांची कीर्ती याच पायावर उभी आहे, असे आमचे मत आहे.

पुरुषांतील कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मागे सरकत जाणारे, कुलज स्वरूपाचे खालित्य वेगळे. वातयुक्त पित्त रोमकूपांत जाऊन केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ ते रोमकूप बंद करतो, ही संप्राप्ती ज्याने वाचली आहे त्याने दीर्घकाळ बंद झालेल्या रोमकूपांतून केस उगवण्याचे आश्वासन देऊ नये. अशा तरुणाला पहिल्याच भेटीत खरे सांगणे म्हणजे त्याचे काही हजार रुपये वाचविणे होय. इंद्रलुप्ताची लहान चकंदळेही पुष्कळदा स्वतःहून भरतात, हे घाबरलेल्या आई-वडिलांना सांगावे.

तेलात काय असते

बाटलीवरील घटकांची यादी बारीक अक्षरांत का होईना, छापलेली असते. ती आपण वाचावी आणि रुग्णालाही वाचावयास शिकवावे. ‘औषधी’ म्हणून खपणाऱ्या काही सुगंधी तेलांचा मुख्य आधार ‘लाइट लिक्विड पॅराफिन’, म्हणजे खनिज तेल असते. वनस्पतींचे अर्क त्यात नाममात्र. हे तेल केसाला चकाकी देते. तैलाचे जे गुण शास्त्राने सांगितले ते त्यात शोधू नयेत.

खोबरेलाविषयी एक आधुनिक प्रमाण उपलब्ध आहे. २००३ साली रेळे आणि मोहिले यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्यापूर्वी किंवा नंतर लावल्यास केसातील प्रथिनांची हानी कमी करण्याचा गुण तिघांपैकी केवळ खोबरेलात दिसला. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू केसाच्या अंतर्भागात शिरू शकतो, असे कारण त्यांनी दिले. हे संशोधन खोबरेलाचा मोठा व्यापार असलेल्या मॅरिको कंपनीतील संशोधकांचे आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे. तथापि त्यात सिद्ध झाला तो गुण साध्या खोबरेलाचा, कोणत्याही गुप्त वनस्पतीचा नव्हे. मालवण, देवबाग, वेंगुर्ले येथील ज्या घराच्या परसात माड आहे, त्या घराने केसाच्या रक्षणासाठी शहरातून तेल विकत आणावे, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

कराचा मुद्दाही दुकानदारांच्या परिचयाचा आहे. खोबरेलाची लहान बाटली खाद्यतेल मानावी की केशतेल, हा वाद वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाटली लहान आहे एवढ्यावरून तिला केशतेल म्हणता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल आणि शाम्पू यांवरील करही ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे करातील अंतर संपले; किमतीतील अंतर मात्र आहेच. ते सुगंध, बाटली आणि जाहिरात यांचे होय.

भृंगराज तैल : पाकाचा खर्च

जेथे केश्य तैल खरोखर आवश्यक आहे तेथे ते आपल्याच चिकित्सालयात सिद्ध करावे, असा आमचा आग्रह आहे. प्रस्तुत लेखाचा मुख्य भाग हाच असल्याने येथे थोडे विस्ताराने लिहितो.

स्नेहपाकाचे सामान्य प्रमाण कल्क एक, स्नेह चार आणि द्रव सोळा भाग, हे सर्वश्रुत आहे. परंतु अष्टांगहृदयाच्या कल्पस्थानात शौनकाचे मत म्हणून जो भेद सांगितला आहे, तो व्यवहारात विसरला जातो : केवळ जलाने पाक करावयाचा असेल तर कल्क स्नेहाच्या चतुर्थांश, क्वाथाने करावयाचा असेल तर षष्ठांश आणि स्वरसाने करावयाचा असेल तर अष्टमांश. म्हणजे ओला माका उपलब्ध असताना स्वरसाने पाक केल्यास कल्कद्रव्ये निम्म्याने कमी लागतात. शास्त्राने दिलेली ही काटकसर आपल्या भूमीत सहज साध्य आहे. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत शेताच्या बांधांवर आणि पाणथळ जागी माका विपुल असतो.

दोन लिटर तेलाचे उदाहरण घेऊ. खोबरेल २ लिटर, माक्याचा स्वरस ८ लिटर, कल्क २५० ग्रॅम (ज्येष्ठमध १०० ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम, वाळा ५० ग्रॅम). आठ लिटर स्वरसासाठी साधारण सोळा किलो ओला माका लागतो. एवढा माका एकाच दिवशी गोळा करणे जड जाते. तथापि स्नेहपाक एका दिवसात संपवू नये आणि स्वरसाचा पाक तीन रात्रींपर्यंत चालवावा, असा संकेत आहेच. त्यानुसार आम्ही रोज ताजा माका आणून स्वरसाचा एक तृतीयांश भाग घालतो. श्रम विभागले जातात आणि स्वरस आंबत नाही.

इंधनाचा विचार फारसा कोणी करीत नाही, पण खर्चाची खरी मेख तेथेच आहे. आठ लिटर द्रव आटविण्यास स्वयंपाकाचा गॅस साधारण एक किलो लागतो. हाच पाक क्वाथाने केला आणि आठ लिटर क्वाथासाठी बत्तीस लिटर पाण्यापासून आरंभ केला, तर आणखी चोवीस लिटर पाणी आटवावे लागते, म्हणजे सुमारे तीन किलो गॅस अधिक. स्वरसाने पाक केल्यास हा सर्व खर्च वाचतो. ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी चुडते, सोडणे आणि करवंट्या वापराव्यात. फक्त अखेरच्या टप्प्यात करवंटीचा जाळ भडकतो म्हणून निखाऱ्यावरच पाक संपवावा.

आता हिशेब. घाण्याचे खोबरेल लिटरला ४०० रुपये धरल्यास दोन लिटरचे ८००, माका काढणे, धुणे, कुटणे यांची मजुरी ४००, कल्कद्रव्ये १५०, इंधन १००. पाकात व कल्कात जाणारी घट वजा करता एकोणीसशे मि.ली. तेल हाती येते, १०० मि.ली.च्या एकोणीस बाटल्यांचे, प्रत्येकी दहा रुपयांप्रमाणे, १९०. एकूण १,६४० रुपये, म्हणजे एका बाटलीस सुमारे ८६ रुपये. हे दर उदाहरणादाखल आहेत. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव कसे चढले ते आपण पाहिलेच, तेव्हा प्रत्येकाने आपल्या बाजाराचे आकडे घालून हिशेब करावा. या किमतीतील निम्मा भाग तेलाचाच आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्या रुग्णाच्या घरी स्वतःचे खोबरेल आहे त्याच्याकडून ते आणवून पाक करून दिल्यास खर्च पंचेचाळीस रुपयांच्या आसपास येतो. खेड्यापाड्यांतील रुग्णांना ही पद्धत फार मानवते, असे आम्हांस आढळले आहे.

माका ओळखण्यात प्रमाद होऊ देऊ नये. आपणांस हवा तो पांढऱ्या फुलांचा. बागांतून पसरणारी पिवळ्या फुलांची वेल आणि रस्त्याकडेची एकदांडी, दोन्ही मजूर निःशंकपणे माका म्हणून आणून टाकतात. पान चुरडल्यावर हाताला लागलेला रस थोड्या वेळाने काळवंडला पाहिजे. ही सोपी परीक्षा मजुरांनाही शिकवावी. तणनाशक फवारलेल्या बांधावरील माका घेऊ नये.

पाकसिद्धीबाबत एवढेच : अभ्यंगासाठी खरपाक, नस्यासाठी मृदुपाक. कल्काची वात वळता यावी, अग्नीवर टाकल्यास तडतड आवाज होऊ नये, तेलावर फेस यावा. जलांश राहिलेले खोबरेल दोन महिन्यांत खवट होते आणि केलेली सर्व बचत फेकून द्यावी लागते, म्हणून बाटल्या कडक उन्हात पूर्ण वाळवूनच भराव्यात. गाळून उरलेला कल्क फडक्यात घट्ट पिळावा. तो चोथा उटण्यात चालतो. जटामांसीचा मोह टाळावा. ती हिमालयातील, महाग आणि निसर्गात दुर्मिळ होत चाललेली वनस्पती आहे. सुगंधासाठी वाळा आणि नागरमोथा पुरेसे आहेत. ज्या योगांत गुंजा आहे ते मात्र शोधनाची आणि विषद्रव्य हाताळण्याची सोय नसताना घरी करू नयेत. परवानाधारक फार्मसीचेच घ्यावेत.

लावावे किती

तेल स्वस्त झाले तरी ते दवडले तर उपयोग काय? चार माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाने आठवड्यातून तीनदा पंधरा मि.ली. तेल थापल्यास महिन्याला पाऊण लिटरहून अधिक तेल संपते. तेच प्रत्येकी पाच मि.ली., म्हणजे एक चहाचा चमचा, आठवड्यातून दोनदा लावल्यास पावणेदोनशे मि.ली. पुरते. लांब केसांना थोडे अधिक लागेल. चरकाचार्यांनी नित्य मूर्धतैल सांगितले आहे, हे खरे. पण नित्य म्हणजे थपथपीत असा त्याचा अर्थ नव्हे. बोटांच्या अग्रांनी ते केशमूळाशी पोचविणे महत्त्वाचे. अधिक तेल लावले की ते काढण्यास अधिक शाम्पू लागतो, अधिक शाम्पूने केस रूक्ष होतात, रूक्ष झाले म्हणून पुन्हा अधिक तेल, अशी ही साखळी आहे.

आणि काही रुग्णांत तेल बंद करणे हीच चिकित्सा. स्निग्ध, पिवळसर खवले आणि कंडू असलेल्या कफप्रधान दारुणकात रात्रभर तेल मुरविल्यास व्याधी वाढतो. तेथे आधी शोधन व क्षालन करावे. तेलाचा विचार नंतर.

क्षालनासाठी शिकेकाई चार भाग, आवळकाठी दोन, रिठा एक आणि नागरमोथा एक, अशी भरड आम्ही देतो. लांब केसांसाठी एका वेळी पंचवीस ग्रॅम भरड रात्री भिजत घालून सकाळी उकळून गाळावी. केस रूक्ष असल्यास रिठा वगळून जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस घालावा. तो तर कुंपणावरच मिळतो. डोळ्यांत जाऊ न देण्याची सूचना अवश्य द्यावी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी वैशाखात मचूळ होते, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि केसावर चिकट थर बसतो. शिकेकाई-रिठ्याचे तसे होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. सकाळी सातची एस.टी. पकडून ओरोसला कार्यालयात येणाऱ्या स्त्रीने शिकेकाई उकळत बसावे, असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. तिच्या वेळेलाही मोल आहे. १९८०च्या दशकात तामिळनाडूतील कडलूर येथून शाम्पूची लहान पुडी देशभर पसरली ती याच कारणाने. अशा रुग्णेला अर्धी पुडी तांब्याभर पाण्यात मिसळून वापरावयास सांगावे. थेट डोक्यावर ओतल्यास जी संपूर्ण पुडी लागते, तिच्यात दोन वेळचे काम होते. रविवारी शिकेकाई पुरे. शास्त्राभिमानासाठी रुग्णाकडून न पाळली जाणारी आज्ञा देऊ नये.

‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयी एक वाक्य : मेंदीचा रंग कधीच काळा नसतो, तो काळेपणा बहुधा रासायनिक रंगद्रव्याचा असतो, आणि त्याने चेहरा सुजलेला रुग्ण केशचिकित्सेच्या अनेक पट खर्चात पडतो.

कायद्याची मर्यादा

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम ३३ ईईसी अन्वये वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यास सूट आहे. ती स्वतःच्या रुग्णांपुरतीच. वैद्याने सिद्ध केलेले तेल दुकानाच्या फळीवर ठेवून कोणालाही विकणे म्हणजे विनापरवाना निर्मिती व विक्री होय, मग ते तेल कितीही उत्तम असो. दुकानदार बंधूंनी अशी विनंती आल्यास ती नाकारावी.

त्यांच्यासाठी दुसरा मार्ग खुला आहे. नावाच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या स्वामित्व योगांच्या जोडीने परवानाधारक फार्मसीचे शास्त्रोक्त भृंगराज तैल लहान बाटल्यांत ठेवावे; ते बहुधा पुष्कळ स्वस्त असते. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा यांची स्वच्छ, कीड नसलेली सुटी द्रव्ये ठेवावीत. यांत बाटलीमागे नफा कमी, परंतु ग्राहक दर महिन्यास परत येतो. टक्कल, नवे केस उगविणे आणि अकाली पालित्य यांचा औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये समावेश आहे; तेव्हा तसे दावे करणारे फलक दुकानात लावू नयेत.

आपण दिलेल्या बाटलीवर रुग्णाचे नाव, तेलाचे नाव, पाकाचा दिनांक आणि ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’ एवढे लिहावे. चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल थिजते. पौष-माघात आंबोलीकडील आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांतील रुग्ण ‘तेल बिघडले’ म्हणून बाटली परत आणतात. त्यांच्यासाठी पाकाच्या वेळीच चौथा हिस्सा तिळाचे तेल घालावे, आणि तरीही थिजल्यास बाटली उन्हात ठेवावी, चुलीवर धरू नये, असे चिठ्ठीवर लिहून द्यावे.